पोलिसांच्या वायरलेसला कुलूप : आपण काय मागायचे?

दरवर्षी ६ जूनच्या आसपास पाचाडचा रस्ता माणसांनी भरून जातो. रायगडावर शिवराज्याभिषेक दिनाचा सोहळा असतो. राज्यभरातून लोक येतात, गाड्या खालीच थांबवाव्या लागतात आणि जिजाऊंच्या समाधीपासून रोपवेच्या पायथ्यापर्यंत जागोजागी पोलीस उभे असतात. त्यांच्या खांद्याला वॉकीटॉकी अडकवलेली असते. जुन्या सेटमधून सतत खरखर येई आणि मध्येच कंट्रोलचा आवाज. कुठे गाडी बंद पडली, कुठे मूल हरवले, कुठल्या वळणावर दरड आली, हे शेजारी उभ्या असलेल्या चहावाल्यालाही ऐकू जाई. अलीकडे नवे डिजिटल सेट येऊ लागले आहेत. आवाज स्वच्छ, तोही कानातल्या बोंडीत. बाहेरच्याला काहीच कळत नाही.

हा बदल फक्त यंत्राचा नाही. पोलिसांचे आपापसातले बोलणे सर्वसामान्यांना ऐकू यावे की नाही, यावर जगभर वाद सुरू आहे. अमेरिकेत तर हा प्रश्न विधिमंडळांपर्यंत आणि न्यायालयांपर्यंत गेला आहे. आपल्याकडे त्यावर फारसे कोणी बोलत नाही. पण महाड आणि पोलादपूरच्या माणसाला, विशेषतः दरडीखाली राहणाऱ्या वाड्यांना आणि नदीकाठच्या मोहल्ल्यांना, हा प्रश्न दूरचा वाटू नये. संकटाच्या रात्री खबर कोणाकडे असते, ती आपल्यापर्यंत कधी येते आणि नंतर जाब विचारायला पुरावा उरतो का, हेच या विषयाच्या मुळाशी आहे.

कुलूप म्हणजे नेमके काय?

वायरलेस सेट म्हणजे छोटे रेडिओ केंद्र. हवालदार बटण दाबून बोलतो, आवाज लहरींवर स्वार होतो आणि त्याच वारंवारतेवर लावलेल्या दुसऱ्या सेटवर ऐकू येतो. हातातल्या सेटची ताकद थोडी, त्यात आपला मुलूख डोंगरांचा. मध्ये डोंगर आला की आवाज अडतो. म्हणून उंचावर एक यंत्र बसवतात. ते खालून आलेला आवाज पकडते आणि जास्त ताकदीने पुन्हा फेकते. त्याला रिपीटर म्हणतात. दरीतल्या पोलिसाचे बोलणे ठाण्यापर्यंत, आणि तिथून अलिबागच्या जिल्हा नियंत्रण कक्षापर्यंत, अशा टप्प्यांनी पोहोचते.

जुन्या पद्धतीत आवाज जसाच्या तसा हवेत जाई. त्या वारंवारतेवर लागणारा कोणताही रेडिओ तो पकडू शकत असे. एकामागून एक वारंवारता तपासत जाणाऱ्या अशा रेडिओला स्कॅनर म्हणतात. डिजिटल पद्धतीत आवाजाचे आकडे होतात. त्या आकड्यांची एका गुप्त किल्लीने उलथापालथ केली की त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. ज्याच्या सेटमध्ये तीच किल्ली आहे त्यालाच बोलणे कळते, बाकीच्यांना नुसता खरखराट ऐकू येतो. आपल्या मोबाइलवरच्या संदेशांनाही असेच कुलूप असते. डिजिटल म्हणजे कुलूपबंदच असे मात्र नाही. सेट डिजिटल असूनही त्यावर कुलूप लावलेले नसेल, असे होऊ शकते.

ऐकण्याचा हक्क आपल्याला होता का?

अमेरिकेत अनेक ठिकाणी लोक घरात स्कॅनर ठेवतात. वर्तमानपत्रांच्या कार्यालयांत तो दिवसरात्र चालू असे. आग कुठे लागली, गोळीबार कुठे झाला, हे बातमीदाराला पोलिसांच्या पत्रकाआधी कळे.

आपल्याकडे असा रिवाज कधीच नव्हता. भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा १९३३ सालचा. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगणे हाच त्यात गुन्हा ठरवला होता. साधा रेडिओ ऐकण्यासाठीही पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, हे १९८० च्या दशकापर्यंतचे घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. त्या जुन्या कायद्यांची जागा घेण्यासाठी आता दूरसंचार कायदा २०२३ झाला आहे. दुसऱ्याचा संदेश बेकायदा अडवून ऐकणे किंवा दूरसंचार जाळ्यात अनधिकृत शिरकाव करणे, याला या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे.

हे इथे मुद्दाम सांगतो, कारण तरुण मुलांच्या हाती आता स्वस्त यंत्रे आली आहेत. लग्नाच्या मांडवात, क्रिकेटच्या स्पर्धेत, होडीवर वापरायला लोक ऑनलाइन वॉकीटॉकी मागवतात. त्यातले काही सेट पोलिसांच्या वापरातल्या वारंवारतांवरही लागू शकतात. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा काढल्या. परवान्याशिवाय चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातले, ठरावीक कमी ताकदीचेच सेट. मुलाने सेट मागवला असेल तर खोक्यावर काय लिहिले आहे ते आईवडिलांनी एकदा पाहावे. गंमत म्हणून पोलिसांचे बोलणे ऐकले आणि त्याचे रेकॉर्डिंग गटावर टाकले, एवढ्यावर पोराचे आयुष्य अडकू शकते.

कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या दीनची शिकवण या बाबतीत स्पष्ट आहे. सूरह हुजुरातमध्ये दोन गोष्टी जवळजवळ आल्या आहेत. आलेल्या बातमीची शहानिशा करा आणि दुसऱ्याच्या पाळतीवर राहू नका. आजच्या विषयाला दोन्ही लागू पडतात. चोरून ऐकणे आपल्याला शोभत नाही, आणि शहानिशा करायची तर खरी बातमी मिळण्याची वाटही असली पाहिजे.

कुलूप का हवे?

पोलिसांची बाजू आधी समजून घेऊ. वायरलेसवर फक्त चोर आणि वाहतूक नसते. मारहाण होत असलेल्या बाईचे नाव आणि पत्ता असतो, घरातून निघून गेलेल्या मुलीचे वर्णन असते, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाच्या घरचा तपशील असतो. कुणाच्या घरची अब्रू नाक्यावरच्या सेटमधून ऐकू जावी, असे कुठल्या कुटुंबाला वाटेल? आपल्या घरातल्या बाईने रात्री ११२ वर फोन केला, तर तिचे नाव गल्लीत पोहोचू नये, ही अपेक्षा रास्तच आहे.

दुसरे कारण २६/११ चे. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि १६६ माणसे मारली गेली. हल्लेखोरांचे सूत्रधार सीमेपलीकडे बसून आपल्या वाहिन्यांवरचे थेट प्रक्षेपण पाहत होते आणि आतल्या माणसांना फोनवरून सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब खटल्याच्या निकालात वाहिन्यांच्या या वागण्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. पुढे २०१५ मध्ये नियम झाला की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचे नाही, नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. चालू कारवाईतले बोलणे उघड राहिले तर त्याची किंमत रस्त्यावरचा शिपाई आणि आत अडकलेला माणूस मोजतो. यावर कुणाचे दुमत नसावे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण नंतर येते. घटना घडून जाते, धूळ बसते आणि मग आई विचारते, माझ्या मुलाचे काय झाले? विधवा विचारते, मदत का आली नाही? त्या वेळी वायरलेसवरचे बोलणे हा सर्वांत खरा साक्षीदार असतो. माणूस चौकशीत उत्तर बदलू शकतो, पण त्या क्षणी बोललेला शब्द बदलत नाही.

मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये दंगली झाल्या आणि सुमारे ९०० माणसे गेली. त्या दिवसांत पोलिसांचे वायरलेस उघडे होते. जानेवारीतल्या संभाषणाचे टेप झालेले भाग पत्रकारांच्या हाती आले, त्यांचे उतारे छापून आले आणि न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगासमोरही ते मांडले गेले. काही पोलिसांची एका समाजाबद्दलची भाषा काय होती, हे लोकांनी वाचले. आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये विधिमंडळात आला. मदतीसाठी ओरडणाऱ्या मुसलमानांकडे काही पोलिसांनी कसे दुर्लक्ष केले, हे त्यात स्पष्ट नोंदवले आहे. शिफारशींचे पुढे काय झाले, हे आपण सर्व जाणतो. पण अत्याचार झालाच नाही, असे म्हणण्याची सोय तरी उरली नाही. आज तेच बोलणे कुलूपबंद असते आणि रेकॉर्डिंग पुसले गेले असते, तर पीडितांच्या शब्दाशिवाय हाती काय राहिले असते?

हे फक्त आपल्या समाजापुरते आहे, असे समजू नका. २६/११ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी शहीद झाले. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांना त्या रात्री नेमके काय घडले ते जाणून घ्यायचे होते. त्यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षातल्या संभाषणाच्या नोंदी मागितल्या. त्या सहजासहजी मिळाल्या नाहीत, पाठपुरावा करावा लागला. २००९ मध्ये विनिता देशमुख यांच्यासह लिहिलेले त्यांचे 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक आले. कामाच्या बाजूला कुमक पाठवण्याची मागणी करकरे यांनी वायरलेसवर केली होती आणि ती वेळेवर पोहोचली नाही, असे त्यांनी त्या नोंदींच्या आधारे मांडले. पोलिसांनी आपली बाजू वेगळी सांगितली. नोंदींच्या प्रतींमध्येच फरक असल्याचा त्यांचा आक्षेप पुढे राज्य माहिती आयोगापर्यंत गेला. कोण बरोबर आणि कोण चूक, हा निवाडा आम्ही इथे करणार नाही. एवढेच दाखवायचे आहे की दंगलग्रस्त मोहल्ल्यातल्या बाईला जे लागते, तेच शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीलाही लागते. दोघींना त्या रात्रीची खरी नोंद हवी असते.

प्रामाणिक पोलिसाचेही यातच हित आहे. खोटा आरोप झाला तर त्याचा बचाव त्याच नोंदीत असतो. मी अमुक वाजता कुमक मागितली, मी अमुक वाजता पोहोचलो, हे सिद्ध करायला त्याच्याकडे दुसरे काय असते?

कुलूप लावले म्हणजे काम झाले का?

कुलूपही दरवेळी पक्के असतेच असे नाही. जगभरातल्या अनेक पोलीस दलांत टेट्रा नावाची डिजिटल पद्धत वापरतात. इंग्लंडातले पोलीसही त्यावरच बोलतात. २०२३ मध्ये नेदरलँड्‌समधल्या संशोधकांनी दाखवून दिले की या पद्धतीतल्या एका प्रकारच्या कुलपाची किल्ली ८० बिटांची म्हणून सांगितली जात असली, तरी आतून ती ३२ बिटांवर आणलेली होती. म्हणजे साध्या संगणकानेही ती शोधता येते. ही पद्धत वर्षानुवर्षे गुप्त ठेवल्यामुळे बाहेरच्या कुणाला ती तपासताच आली नव्हती. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले होते की कुलपाची सोय असलेल्या सेटवरही अधिकारी नकळत उघड बोलत असतात. कारण कुलूप चालू आहे की बंद, हेच सेटवर नीट कळत नव्हते. सराईत गुन्हेगार वाट काढतो आणि बाहेर राहतो तो सामान्य माणूस, असे होण्याचा धोका यात आहे.

इतर ठिकाणी लोकांनी काय तोड काढली, तेही पाहू. शिकागोने वायरलेस कुलूपबंद केले, पण तेच बोलणे अर्ध्या तासाने लोकांना ऐकायला मिळेल अशी सोय ठेवली. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराने कुलूप लावले आणि लोकांनी तक्रार केल्यावर २०२२ मध्ये ते काढले. त्याऐवजी पोलिसांनी नावे आणि खासगी तपशील हवेत न बोलण्याची शिस्त लावून घेतली. न्यूयॉर्क पोलिसांनी मात्र २०२३ पासून एकेक विभाग कुलूपबंद करायला घेतला आणि तिथला वाद अजून पेटलेला आहे. म्हणजे सगळे उघडे किंवा सगळे बंद, एवढेच दोन रस्ते नाहीत.

पाचाडच्या वर हिरकणीवाडी आहे. हिरकणीची गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. सूर्य मावळला की गडाचे दरवाजे बंद, हा नियम गडाच्या रक्षणासाठी होता आणि तो चुकीचा नव्हता. पण खाली तान्हे बाळ असलेल्या आईसाठी त्या नियमात वाट नव्हती, म्हणून तिला कडा उतरावा लागला. वायरलेसचे कुलूप लावताना आईसाठी वाट कुठे आहे, हे आधीच ठरवायला हवे.

महाड-पोलादपूरच्या रात्री

आता आपल्या दाराशी येऊ. या दोन तालुक्यांनी वीस वर्षांत जेवढ्या काळरात्री पाहिल्या, तेवढ्या फार थोड्या मुलुखांनी पाहिल्या असतील. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या आणि जवळपास दोनशे माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनेही गेली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडच्या काजळपुऱ्यातली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जण मरण पावले. चार वर्षांचे एक मूल सुमारे १९ तासांनी जिवंत बाहेर आले, तेव्हा सारा मोहल्ला रडला होता. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्यात गेले. त्याच वेळी तळियेची वाडी दरडीखाली गाडली गेली, ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही तसेच झाले.

या प्रत्येक रात्री एक गोष्ट सारखी होती. खबर पहिल्यांदा पोलिसांकडून लोकांकडे गेली नाही, तर लोकांकडून पोलिसांकडे गेली. सावित्रीचा पूल गेल्याचे जवळच्या गॅरेजमधल्या एका मेकॅनिकच्या लक्षात आले. त्याने मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या आणि वर कळवले. तो नसता तर आणखी किती गाड्या काळोखात गेल्या असत्या, अल्लाह जाणे. तळियेत दुपारी दरड कोसळली, पण पुरामुळे रस्ते बंद, वीज नाही, मोबाइल बंद. मोठी मदत दुसऱ्या दिवशी पोहोचली.

त्या पुराच्या वेळी आपल्या घरोघर काय झाले ते आठवा. कुवेत, दुबई, दोहा, लंडनला असलेली मुले फोन लावत होती आणि इथे फोन लागत नव्हते. तिथल्या गटांवर जुने व्हिडिओ फिरत होते, धरण फुटल्याच्या अफवा येत होत्या. खरी माहिती नियंत्रण कक्षात होती. वायरलेस चालू होते. पण ते ऐकण्याचा अधिकार आपल्याला नव्हता, आणि त्यातले सांगण्यासारखे काय ते सांगणारा माणूसही आपल्यापाशी नव्हता.

अफवेची किंमत काय असते, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याने दाखवले. मुले पळवणारी टोळी आल्याची मोबाइलवरची अफवा खरी मानून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. जिथे खरी खबर उशिरा येते, तिथे खोटी खबर आधी पोहोचते. पोलिसांचे वायरलेस बंद करायचे असेल, तर लोकांशी बोलण्याचे दार तेवढेच मोठे उघडावे लागेल.

भिवंडीचा धडा

हे होऊ शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. भिवंडी १९७० मध्ये जळाली, पुन्हा १९८४ मध्ये जळाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यात पुढारी कमी आणि साधी माणसे जास्त होती. हिंदू आणि मुसलमान एकत्र बसत, सोबत ठाण्याचा पोलीस बसे. भांडण नळाचे असो की रस्त्याचे, ते आधी तिथे येई. पोलीस आणि मोहल्ला एकमेकांना नावाने ओळखू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मस्जिद पाडली गेली, मुंबई पेटली, पण शेजारची भिवंडी शांत राहिली.

भिवंडीच्या लोकांना पोलिसांचे बोलणे चोरून ऐकावे लागले नाही. काय चालले आहे ते विचारायला एक ओळखीचा माणूस होता आणि तो खरे सांगेल असा भरवसा होता. हा भरवसा कुठल्याही स्कॅनरपेक्षा मोठा आहे.

आपण काय मागायचे?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. चालू कारवाईचे बोलणे बंद दाराआड राहू द्या. पण त्याची नोंद जपली गेली पाहिजे आणि मागितल्यावर मिळाली पाहिजे.

पहिली मागणी नोंद जपण्याची. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आणि त्याचे चित्रण १८ महिने, ते शक्यच नसेल तर किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. वायरलेस आणि ११२ च्या रेकॉर्डिंगलाही अशीच मुदत जाहीरपणे ठरवून द्यावी. मृत्यू, गोळीबार, दंगल किंवा आपत्ती घडली असेल, तर चौकशी संपेपर्यंत ते पुसता कामा नये.

दुसरी मागणी वेळेवर सांगण्याची. पूर, दरड किंवा तणाव असेल तेव्हा तालुक्यातून दर तासाला ठरलेल्या माणसाने खरी माहिती द्यावी. काय घडले, कुठला रस्ता बंद आहे, कुठली अफवा खोटी आहे. ती मस्जिदीच्या, देवळाच्या आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगता येईल. मोबाइल बंद पडला तरी भोंगा जनरेटरवर चालतो.

तिसरी मागणी वाड्यांची. तालुक्याच्या ठिकाणापासून तुटणाऱ्या प्रत्येक वाडीत पावसाळ्यापुरता तरी एक चालू वायरलेस सेट पोलीस पाटलांकडे असावा. महाडहून पाचाड पंचवीसेक किलोमीटर, पण घाटात एक दरड आली की ते अंतर मोजण्यात अर्थ उरत नाही. अशा वेळी वाडीतून बाहेर जाणारा एक आवाज लाखमोलाचा असतो.

घरोघर करण्यासारखे

मागण्या करून हात झटकायचे नाहीत. आपल्या हातातलेही बरेच आहे.

११२ हा क्रमांक घरातल्या लहान मुलापासून आजीपर्यंत सर्वांना पाठ हवा. फोन करताना गाव, वाडी आणि जवळची खूण आधी सांगावी, मग काय घडले ते. फोन केल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी. पुढे नोंद मागायची वेळ आली तर ती कामाला येते.

माहितीचा अधिकार वापरायला शिका. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. तपासाला बाधा येईल किंवा कुणाच्या जिवाला धोका होईल असे कारण देऊन नकार मिळू शकतो. पण त्यावर तीस दिवसांत पहिले अपील करता येते आणि मग राज्य माहिती आयोग आहे. अर्जात तारीख, वेळ आणि ठिकाण नेमके लिहा. 'त्या दिवशीचे सर्व संभाषण' असे मोघम मागू नका. 'अमुक तारखेला रात्री अमुक ते अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणाबाबत आलेले कॉल आणि त्यांवर झालेली कार्यवाही' असे मागा. आणि उशीर करू नका. नोंदी कायमच्या ठेवल्या जात नाहीत.

ज्या मुलामुलींना रेडिओची खरी आवड आहे, त्यांना रागावू नका, कायदेशीर वाट दाखवा. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन हॅम रेडिओचा परवाना मिळवता येतो. पोलिसांचे ऐकणे हा त्याचा उद्देश नाही. आपले स्वतःचे केंद्र चालवून दुसऱ्या परवानाधारकांशी बोलणे हा आहे. १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी संदेश पोहोचवले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या हॅम चालक अंदमानात होत्या. तिथला संपर्क तुटल्यावर त्यांनी आपल्या रेडिओवरून हरवलेल्यांची खबर त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचवली. महाडच्या एखाद्या मदरशातली किंवा हायस्कूलमधली चार मुले, त्यातल्या दोन मुली, हा परवाना काढतील, तर पुढच्या पुरात तालुक्याला केवढा आधार होईल!

जमातींनी एक काम जरूर करावे. जूनच्या पहिल्या पावसाआधी ठाण्याच्या अधिकाऱ्यांना, पोलीस पाटलांना आणि शेजारच्या वाड्यांतल्या सर्वांना एकत्र बसवावे. संकटात कोण कुणाला कळवणार, खरी माहिती कोण देणार, हे ठरवून त्यांची नावे आणि फोन मस्जिदीच्या फळ्यावर लावावेत. शांतता समितीची बैठक फक्त सणाच्या आदल्या दिवशी होऊन उपयोग नाही.

आणि बातमी पुढे ढकलण्याआधी तिची शहानिशा करावी. पोलिसांनी आपल्याला खरे सांगावे, असा आग्रह धरणाऱ्यांनी आपणही खोटे पुढे पाठवता कामा नये. वायरलेसला कुलूप लागो न लागो, ही जबाबदारी आपली आपल्यावरच आहे.